इस्तंबूल पाहिले आणि इंदापूर आठवले

आम्ही दोघी खालाजाद बहिणी. एकीचे घर बारामतीत, दुसरीचे इंदापुरात. मध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्या आणि प्रत्येक सुट्टीतला एसटीचा प्रवास. दोघीही पुण्यात इंटिरिअर डिझाइन शिकतो आणि एकाच खोलीत राहतो. म्हणून हा लेखही दोघींनी मिळून लिहिला आहे.

तिसऱ्या वर्षी कॉलेजची अभ्यास सहल इस्तंबूलला जाणार असे कळले तेव्हा आम्ही दोन दिवस घरी फोनच केला नाही. खर्च ऐकून घरचे काय म्हणतील हे आम्हाला माहीत होते. शेवटी सांगितले. बारामतीला अब्बा गप्प बसले. इंदापूरला खालूंनी विचारले, "मुली एकट्या जाणार?" सोबत दोन मॅडम होत्या, आम्ही अठरा जण होतो, राहण्याची सोय मुलींची वेगळी होती. हे सगळे कागदावर लिहून दाखवले, मॅडमशी फोनवर बोलणे करून दिले, तरी घरात आठवडाभर चर्चा चालूच राहिली. नातेवाइकांचे सल्ले वेगळेच.

निर्णय दिला तो नानीने. ती म्हणाली, "हजला गेले तेव्हा तुमच्या नानांबरोबर चाळीस दिवस घर सोडलं होतं. सगळ्यांनी हार घालून निरोप दिला. या पोरी इल्मासाठी आठ दिवस चालल्यात, तर एवढी पंचाईत कशाला?" मग पैशाचा प्रश्न उरला. दोघींच्या लग्नाच्या दागिन्यांसाठी थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे होते. अम्मी आणि खाला दोघींनी ते काढून दिले. ही गोष्ट आम्ही आठही दिवस विसरलो नाही.

मुंबईहून विमान निघाले. इस्तंबूलचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. पहिल्या सकाळी जाग आली ती अजानने. शब्द तेच, पण सूर वेगळा. एका मशिदीची अजान संपते न संपते तोच दुसरीची कानावर येते. आम्ही खिडकीत उभ्या राहून ऐकत राहिलो. परक्या देशात आल्याची भीती तिथेच निम्मी कमी झाली.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, "फोटो नंतर. आधी मोजायचं, मग काढायचं." प्रत्येकीच्या हातात मोजपट्टी, वही आणि पेन्सिल. सुलेमानिया मशिदीत शिरलो तेव्हा मात्र मोजपट्टी पिशवीतच राहिली. सुलतान सुलेमान यांच्यासाठी मिमार सिनान यांनी 1550 ते 1557 या काळात ही मशीद उभारली. घुमट जमिनीपासून सुमारे 53 मीटर उंच. एवढा मोठा घुमट डोक्यावर असूनही दडपण येत नाही, कारण त्याचा भार अर्धघुमटांवर, कमानींवर आणि चार मोठ्या खांबांवर वाटून दिला आहे. खिडक्यांतून उजेड असा येतो की भिंती हलक्या वाटतात.

आम्हाला सर्वांत आवडली ती काजळीची गोष्ट. पूर्वी इथे तेलाचे दिवे जळत. त्यांची काजळी भिंतींवर बसू नये म्हणून हवा खेळती ठेवून ती प्रवेशद्वारावरच्या एका खोलीकडे वळवली जाई, आणि जमलेल्या काजळीची शाई करत. घाण म्हणून टाकायची वस्तू लिहिण्याच्या कामी आली! आमच्या वहीत त्या दिवशी या एका वाक्याखाली दोन रेघा आहेत.

मशिदीभोवती मदरसे, दवाखाना, हमामखाना आणि गरिबांसाठी लंगरखाना बांधलेला होता. सगळे वक्फच्या उत्पन्नावर चाले. बाजारातल्या रुस्तम पाशा मशिदीत तर हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. मशीद उंच चौथऱ्यावर, खाली दुकाने, आणि दुकानांच्या भाड्यावर मशिदीचा खर्च. वर जाऊन पाहावे तर भिंतीभर इझनिकच्या निळ्या-लाल फरश्या. आपल्याकडेही कितीतरी मशिदींच्या खाली दुकानगाळे असतात. आम्ही ते लहानपणापासून पाहिले, पण त्यामागे काही विचार असेल असे कधी मनात आले नव्हते.

चौथ्या दिवशी बोटीने बॉस्फोरस ओलांडून उस्कुदारला गेलो. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात! तिथल्या करजाअहमद कब्रस्तानाजवळ शाकिरीन मशीद आहे. 2009 साली ती सुरू झाली. तिची अंतर्गत सजावट झेनेप फादिल्लिओलू या महिला डिझायनरने केली आहे. मिहराब फिरोजी रंगाचा, आणि झुंबराला पाण्याच्या थेंबांसारखे काचेचे गोळे. अल्लाहचे नूर पावसासारखे बरसावे, अशी त्यामागची कल्पना. आम्ही जे शिकतो त्या कामातून मशिदीची सेवा होऊ शकते, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा दिसले. स्त्रियांच्या जागेत बसून दोन रकात नमाज पढलो. एकमेकींशी काही बोललो नाही.

त्याच दिवशी उस्कुदारच्या येनी वालिदे मशिदीच्या भिंतीवर दगडात कोरलेली छोटी घरे पाहिली. खिडक्या आहेत, छप्पर आहे, पण राहणारे कोण? चिमण्या! उस्मानी काळात मशिदींच्या भिंतींवर पक्ष्यांसाठी अशी घरे करत. आम्ही मान वर करून चित्र काढत होतो. बाजूला वुजूच्या नळांसमोर दगडी बैठका होत्या आणि त्यांतल्या एकीवर एक वृद्ध बाई विसाव्याला बसल्या होत्या. त्यांनी खुणेने जवळ बोलावले. मोबाइलवर भाषांतर करत गप्पा झाल्या. हिंदुस्थानातून आलो म्हटल्यावर त्यांनी आमचे हात हातात घेतले. मग विचारले, "तुमच्या गावात जुनं काय आहे? कुणी बांधलं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. सिनान यांची जन्मभराची कामे आम्ही पाठ करून आलो होतो. सुलेमानियाजवळची त्यांची साधी कबरही पाहिली होती. पण स्वतःच्या गावाबद्दल एक धड वाक्य सांगता येईना. बाई हसल्या, दुआ दिली. आम्हाला मात्र लाज वाटली, आणि ती परतीच्या विमानातही सोबत होती.

आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही इंदापूरला नानीसमोर वही उघडून बसलो. "नानी, आपल्या गावात जुनं काय आहे?" नानीला प्रश्नच कळेना. "अगं, तुमच्या डोळ्यांसमोर तर आहे." मग तीच आम्हाला घेऊन निघाली. हजरत चाँदशाहवली यांचा दर्गा, जिथे उरुसाला गावातले हिंदू-मुसलमान सगळे येतात. मालोजीराजांची गढी. छत्रपती शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत कामी आले. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेपोटी त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगतात. शाळेत इतिहासाच्या तासाला हे आम्ही ऐकले असेलच, पण त्या मातीवरून रोज ये-जा करत असताना ते आठवले नव्हते.

नंतर पळसदेवला गेलो. उजनी धरणाच्या पाण्यात तिथले जुने मंदिर बुडाले आहे. पाणी उतरले की शिखर आणि भिंती वर येतात. भीमाकाठच्या किती घरांचे, पारांचे, कबरींचे दगड त्या पाण्याखाली गेले, हे नानी सांगत होती. त्याच पाण्यावर आज भिगवणजवळ दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्याच पाण्यावर आमच्या खालूंची डाळिंबेही पिकतात. चिमण्यांच्या दगडी घरांचे चित्र नानीला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "माणसाला घर मिळालं की त्यानं पाखराचंही बघावं."

बारामतीत दादाअब्बांचे वय ब्याऐंशी. गुडघे दुखतात, पण पाच वेळा मशिदीत जातात. वुजूसाठी त्यांना उकिडवे बसावे लागे आणि उठताना कुणाचा तरी हात धरावा लागे. आम्हाला उस्कुदारच्या दगडी बैठका आठवल्या. दादाअब्बांना खुर्चीवर बसवून गुडघ्याची उंची मोजली, त्यांच्या वयाच्या आणखी चार बुजुर्गांची मापे घेतली आणि एक आराखडा काढला. अब्बांनी तो जमातीच्या बैठकीत ठेवला. कुणी म्हणाले, जागा अडेल. कुणी विचारले, पाणी वाहून कुठे जाणार? प्रश्न बरोबर होते. आम्ही उताराचे चित्र पुन्हा काढून दिले.

शेवटी गवंड्याने शहाबादी फरशीच्या दोन बैठका करून दिल्या. पहिली चुकली. आम्ही फरशीची जाडी धरलीच नव्हती, त्यामुळे ती उंच झाली आणि दादाअब्बांचे पाय अधांतरी राहिले. ते हसून म्हणाले, "इस्तंबूलचं माप दिसतंय." ती तोडून पुन्हा केली. आता ते स्वतः बसतात, स्वतः उठतात. दागिन्यांचे पैसे कुठे गेले असे कुणी विचारले, तर अम्मी त्या बैठकीकडे बोट दाखवते. आम्हाला त्याचा संकोच वाटतो, कारण बैठका फक्त दोन आहेत आणि बुजुर्ग पुष्कळ. आणखी चार करायचे ठरले आहे, इन्शाअल्लाह.

घरातल्या मुलीने शिकायला दूर जायचे म्हटले तर काळजी वाटणारच. सोबत कोण, राहणार कुठे, खर्च किती, हे सगळे विचारावे. ते विचारणे घरच्यांचा हक्क आहे. पण एवढ्यावरच थांबू नये, "परत येऊन आम्हाला काय शिकवशील?" हेही विचारावे. आणि जी जाईल तिने निघण्यापूर्वी एक दिवस नानी-दादीजवळ बसून आपल्या गावाची माहिती लिहून घ्यावी. परदेशात कुणी विचारलेच तर आमच्यासारखी मान खाली घालावी लागणार नाही.