आवाज बारीक करून

आमच्या क्वार्टरच्या फाटकाला निळ्या पट्ट्यांचा टॉवेल अडकवलेला दिसला, की बेल वाजवायची नाही. भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आमच्या ओळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत. टॉवेल म्हणजे बाबा नाइटहून आलेत आणि झोपलेत. स्टील प्लांटच्या तीन पाळ्या: सकाळी सहाची, दुपारी दोनची, रात्री दहाची. बाबा रेल मिलला होते. नाइटच्या आठवड्यात सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत आमचं दोन खोल्यांचं घर मुकं असे. आई उलथनं कढईच्या काठावर आपटायची नाही, नुसतं वर धरायची. उभं धरलं म्हणजे ताटं घ्या, आडवं धरलं म्हणजे थांबा. ताईचं नि माझं भांडणही डोळ्यांनीच व्हायचं आणि ते फार लांबायचं. तोंडानं भांडलं की माणूस लवकर दमतो.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर आधी ‘रामायण’ आणि मग १९८८ पासून ‘महाभारत’. राही मासूम रझांचे ते संवाद अख्खा देश कान देऊन ऐकत होता. बाबांची नाइट असली की आम्ही आवाज पार बंद करून बसायचो. भीष्म काय म्हणतोय, शकुनी का हसला, हे ताई आणि मी एकमेकांच्या कानात ठरवायचो. सोमवारी शाळेत कळायचं की आम्ही भलतंच महाभारत पाहिलंय. ही माझी संवादलेखनाची पहिली नोकरी, बिनपगारी. पुढे मुंबईत पगाराची मिळाली तेव्हा पैसे नव्वद दिवसांनी यायचे, त्यामुळे फार फरक जाणवला नाही.

मुंबईत माझी सुरुवात एका हिंदी दैनंदिन मालिकेत झाली, संवादलेखकाच्या हाताखाली. आपल्याकडे श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी नावं दिसतात. मालिकेत ती खरोखरच तीन वेगळी माणसं असतात आणि कधीकधी महिनोन्‌महिने एकमेकांना भेटतही नाहीत. कथेवाला ट्रॅक ठरवतो, वनलाइन, म्हणजे भागाचा थोडक्यात आराखडा, चॅनेलकडून पास होऊन येते, पटकथावाला तिची दृश्यं पाडतो आणि ती रात्री अकराला आमच्याकडे येतात. सकाळी सातला पानं सेटवर हवीत. नट मेकअपच्या खुर्चीत वाचणार, म्हणून हिंदी संवाद रोमन लिपीत टाइप करायचे. बँक नावाची एक चीज असते, म्हणजे आगाऊ तयार असलेले भाग. आमची बँक नेहमी रिकामी.

तिथे चॅनेलच्या एका माणसानं मला धंद्याचं सूत्र सांगितलं. ‘लोक मालिका बघत नाहीत, ऐकतात. बाई स्वयंपाकघरात असते.’ म्हणून सासू खोलीत आली की सुनेनं म्हणायचं, ‘माँजी, आप? इस वक़्त?’ हातात पत्र असलं तर ‘ये ख़त!’ म्हणायचं. पोळी लाटणाऱ्या बाईला पाठमोरं असतानाही कळलं पाहिजे. मी याला नावं ठेवणार नाही, ती एक कला आहे आणि ती रेडिओतून आलीय. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी लिहीत होते, आणि भागाच्या शेवटी अशोककुमार समोर येऊन चक्क प्रेक्षकांशी बोलायचे. कुणालाही ते खटकलं नाही. मीही हात बसवला. चार वर्षांत मला असं जमू लागलं, की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही खोलीत कोण कुठे उभं आहे ते कळावं.

मग बाबांचे कान गेले. वयानं, हळूहळू. निवृत्तीनंतर क्वार्टर परत करून आई-बाबा नागपूरला ताईजवळ राहायला गेले होते. मी सुट्टीवर गेलो तेव्हा माझी मालिका लागली होती. बाबांनी यंत्र कानातून काढून पोथीजवळ ठेवलेलं. त्या भागाचे संवाद माझे होते, आणि चांगले झालेत असं मला वाटत होतं. बाबांनी वीस-बावीस मिनिटं टक लावून पाहिलं. जाहिरात लागल्यावर म्हणाले, ‘काही समजलं नाही बे. सगळे नुसते बोलून राहिले होते.’

आई हसली. मी नाही हसलो.

त्यानंतर मला माझं प्रत्येक पान आवाज बंद करून बघायची खोड लागली. संवादांवर हात ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. बहुतेक वेळा काहीच उरायचं नाही. ‘रीमा चिंतेत आहे.’ चिंतेत म्हणजे काय करतेय? कॅमेऱ्याला चिंता दिसत नाही. दोनदा कुलूप ओढून पाहणारी बाई दिसते. चित्रपटात एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा ठोकताळा आहे. ते मिनिट कुणाच्या तरी हातात, पायात, वस्तूत असावं लागतं.

मी पुस्तकं धुंडाळली, कार्यशाळा केल्या. हव्या होत्या त्या गोष्टी मात्र आमच्याच मुलखात पडलेल्या होत्या. माधवराव सप्रे दमोहकडच्या मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट लिहिली. हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचं नाव येतंच. जमीनदार विधवेची झोपडी बळकावतो. ती येऊन टोपलीभर माती मागते, नातीसाठी चूल घालायला, आणि म्हणते, जरा हात लावून डोक्यावर चढवून द्या. त्याला ती उचलत नाही. मग ती विचारते की एवढी टोपली उचलेना, तर या जमिनीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा उचलशील? सिनेमा भारतात येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि या माणसानं तयार दृश्य लिहून ठेवलं. एक वस्तू, एक कृती, गोष्ट उलटी. मी लिहिलं असतं तर म्हातारीचं शेवटचं बोलणं कापलं असतं. जमीनदाराचे हात रिकामे वर येतात, तिथे संपलं. (चॅनेलनं ते वाक्य परत घातलं असतं, आणि दोनदा.)

दुसरी गोष्ट तीजनबाई. भिलाईजवळच्या गनियारीच्या, आणि नोकरीला होत्या आमच्याच स्टील प्लांटमध्ये. बायकांनी पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायचं महाभारत, गायची तर बसून, असा रिवाज असताना त्या उभ्या राहून कापालिक शैलीत गायल्या. लहानपणी मैदानावर त्यांना पाहिलं तेव्हा माझ्यासाठी महाभारताला पहिल्यांदा आवाज मिळाला, आणि काय आवाज! छत्तीसगढी मला अर्धीच कळायची. अडलं नाही. हातातला तंबुरा खांद्यावर गेला की भीमाची गदा, आडवा झाला की धनुष्य. शेजारी बसलेला रागी हुंकार देत राहतो, मधूनच अडाण्यासारखा प्रश्न विचारतो आणि आमच्या मनातली शंका तोच बोलून टाकतो. प्रेक्षकाला कथेच्या आत बसवण्याची इतकी साधी युक्ती मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी शिकवली नाही.

आणि मुलखाबाहेरचे विजय तेंडुलकर. ‘आक्रोश’ (१९८०) मधला लहान्या भिकू जवळजवळ सबंध चित्रपटभर तोंड उघडत नाही. त्याचा वकील विचारतो, विनवतो, चिडतो. रंगभूमीवर एवढे धारदार संवाद लिहिणाऱ्या माणसानं नायकाची जीभच काढून घेतली, आणि सगळ्या बोलणाऱ्यांना हळूहळू खोटं पाडलं. अशी पटकथा लिहायची म्हणजे कागदावर काय उमटत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लहान्या झालेल्या ओम पुरींची नजर पानावर लिहिता येत नाही. ती पडेल एवढी जागा सोडता येते.

बाकी कारकिर्दीचं सांगण्यासारखं थोडकं आहे. लेखक संघटनेच्या शिक्क्यानं नोंदवलेल्या माझ्या तीन पूर्ण पटकथा बाबांच्या लोखंडी ट्रंकेत आहेत. एकीचं दोन वर्षांत अकरा वेळा पुनर्लेखन झालं आणि निर्मात्यानं फोन उचलणं थांबवलं. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात लेखकाचा रॉयल्टीवरचा हक्क आला. करारपत्र अजूनही चष्मा लावून वाचावं लागतं. घर मालिकांवर चालतं.

त्याच २०१२ साली ‘बर्फी!’ आला. अनुराग बसू भिलाईत वाढलेले, माझ्यासारखेच मालिकांच्या वाटेनं गेलेले, अर्थात फार पुढे गेलेले. नायकाला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. टीव्हीवर लागला तेव्हा बाबा यंत्राशिवाय बसले. बर्फी पोलिसाला चकवतो तिथे आवाज करून हसले. संपल्यावर विचारलं, ‘हा पोट्टा आपल्या भिलाईचा आहे म्हणते?’ मी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि यंत्र कानात घातलं. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं.

गेल्या हिवाळ्यात दुर्गला लग्नाला गेलो होतो. दुपारी रिक्षा करून सेक्टर ६ ला आलो, जामा मशिदीशी उतरलो आणि पायी निघालो. झाडं मोठी झालीत, क्वार्टर तेवढेच आहेत. आमच्या जुन्या घराला हिरवा रंग दिलेला. येताना मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: बेल वाजवायची, ओळख सांगायची, पाच मिनिटं घर बघू द्या म्हणायचं. माझ्या वाक्यांचा क्रमसुद्धा ठरला होता.

फाटकावर एक टॉवेल होता. गुलाबी, लहान मुलाचा वाटावा असा. वाळत घातला असेल. पण बाकीचे कपडे बाजूच्या तारेवर होते. आत पंख्याचा आवाज येत होता, की रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीचा, तेही नीट कळेना. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दोनपर्यंत थांबावं म्हणून मी समोरच्या पुलियावर जाऊन बसलो.