तारण : सातारा ते सांगली

साताऱ्याहून सांगलीस निघालेल्या प्रवाशाला सुमारे १२० किलोमीटरांच्या वाटेवर कृष्णामाई भेटते, ऊस भेटतो. विमान मात्र भेटत नाही. कऱ्हाडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे. नियमित प्रवासी विमान तेथून सुटत नाही. तरीही या भागातील अनेकांच्या नावावर विमानकंपन्यांचे ‘पॉइंट्स’ जमा असतात. क्रेडिट कार्डावर किराणा घेतला तरी ते वाढतात. गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेल्या विटा-खानापूरकडील कुटुंबांना आणि परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना ते कधीमधी उपयोगी पडतात. या किरकोळ वाटणाऱ्या पॉइंट्सवर २०२० मध्ये अब्जावधी डॉलरांचे कर्ज उभे राहिले.

अडचणीच्या वेळी काय गहाण ठेवावे, हा प्रश्न साताऱ्याला नवा नाही. धननीच्या बागेतील वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला. अखेरीस मंगळसूत्रही दिले. सोन्याची पारख करायला सराफाला कसोटीचा दगड पुरतो.

विमानकंपन्यांपाशी असे सोने नव्हते. करोनाकाळात विमाने जमिनीवर उभी राहिली. त्यांतील बरीचशी भाड्याची किंवा आधीच गहाण पडलेली. तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने ‘माइलेजप्लस’ ही आपली प्रवासी-योजनाच तारण दिली आणि ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्याच वर्षी डेल्टाने ‘स्कायमाइल्स’वर सुमारे ९ अब्ज, तर २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकनने १० अब्ज डॉलर घेतले. युनायटेडच्या योजनेचे मूल्यांकन सुमारे २२ अब्ज डॉलर झाले होते. बाजारात अख्ख्या कंपनीच्या समभागांची किंमत त्याहून पुष्कळ कमी होती!

यातले इंगित साधे आहे. पॉइंट्स बँका विकत घेतात, तेही रोख पैसे मोजून, आणि आपल्या कार्डधारकांना देतात. प्रवासी विमानात बसेल तेव्हा बसेल. कंपनीच्या हाती पैसा आधीच पडतो. उभे विमान पैसा खाते, पण कार्डावरचा किराणा टाळेबंदीतही थांबत नाही. सावकारांनी हे ओळखले. बँकांकडून येणारी रक्कम आधी वेगळ्या खात्यात जावी, त्यातून हप्ता वळता व्हावा आणि मगच उरलेले कंपनीला मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. कर्जखात्यावर बसलेला कोणीही तिला दाद देईल.

महाराष्ट्राने याची दुसरी बाजू पाहिली. मुंबईच्या जेट एअरवेजने ‘जेटप्रिव्हिलेज’ची स्वतंत्र कंपनी केली आणि २०१४ मध्ये तिचा ५०.१ टक्के हिस्सा एतिहादने १५ कोटी डॉलरना घेतला. त्या पैशाने श्वास मिळाला, आयुष्य नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे उड्डाण थांबले. योजना मात्र ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने चालू राहिली. सभासदांचे पॉइंट्स खात्यावर राहिले; ज्या विमानांसाठी ते जमवले, तीच नव्हती. शिवाय एका पॉइंटला काय मिळायचे, हे पॉइंट देणाराच ठरवतो आणि बदलतो. ठेवीदाराला असा करार कोणती बँक देऊ धजेल?

सांगलीजवळच्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी, हळदीची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते. हळदीवर कर्ज हा इथला ओळखीचा व्यवहार. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते. म्हणजे भाव पडलेला असताना शेतकऱ्याला विकण्याची घाई करावी लागत नाही. २००५ च्या महापुरात मात्र कृष्णेचे पाणी पेवांत शिरले. त्यांतली अनेक पुन्हा वापरात आली नाहीत.

जी उरली आहेत, त्यांचे तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबतात. मग हमाल खाली जातो आणि हळदीचे पोते वर येते.