मुन्नाचा पडदा

मुन्ना माझा धाकटा भाऊ. तो नऊ वर्षांचा आहे. तो फारसा बोलत नाही. आमचे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करतात.

ईदला आमच्या घरी खूप पाहुणे येतात. सगळे एकमेकांना गळाभेट देतात. मुन्नाला मात्र कोणी जवळ घेतले, की तो किंचाळतो. चार वर्षांपूर्वी ईदच्या दिवशी मी त्याला घट्ट धरून मामूजानांपुढे नेले. त्याने माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. "मुलाला वळण नाही," एक पाहुणे म्हणाले. अम्मी काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने डोळे पुसले. मला मुन्नाचा फार राग आला.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, की मुन्ना स्वमग्न आहे. यात त्याचा दोष नाही आणि आईवडिलांचाही नाही. अशा काही मुलांना हलका स्पर्शसुद्धा सहन होत नाही. काहींना उलट घट्ट दाब आवडतो. मुन्ना गाद्यांच्या ढिगात शिरून का झोपतो, ते मला तेव्हा कळले.

आमच्या सरांनी मला टेम्पल ग्रँडिन यांची हकिकत सांगितली. त्यांचा जन्म १९४७ साली अमेरिकेत झाला. त्याही स्वमग्न. लहानपणी त्यांना कोणाची मिठी सहन होत नसे. लस टोचताना गुरांना दोन फळ्यांमध्ये दाबून धरतात आणि त्यामुळे काही गुरे शांत होतात, हे त्यांनी ॲरिझोनात पाहिले. मग त्यांनी स्वतःसाठी तसेच यंत्र बनवले. दाब कमीजास्त करण्याचा दांडा त्यांच्याच हातात असे. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

दांडा त्यांच्याच हातात! ही गोष्ट माझ्या मनात राहिली.

अब्बांनी एक लाकडी चौकट तयार केली. मी तिच्यावर ताणले जाणारे मऊ कापड बसवले. मागे स्पंज, सेल आणि एक घंटी लावली. कापड दाबले, की घंटी वाजे. पहिल्याच दिवशी मुन्ना कान झाकून पळाला. मी हिरमुसले.

अम्मी म्हणाली, "बेटी, हे तू त्याच्यासाठी केलंस, की तुझ्यासाठी?"

मी घंटी काढली आणि दोन लहान दिवे लावले. हलके दाबले, की एक दिवा लागे; जोराने दाबले, की दुसराही लागे. चौकट कोपऱ्यात ठेवली. मुन्नाला कोणी बोलावले नाही. आठव्या दिवशी तो आपणहून आला. त्याने एक बोट टेकवले. दिवा लागला. बोट काढले, दिवा विझला. मग त्याने दोन्ही तळवे दाबले आणि कापडावर गाल टेकून तो कितीतरी वेळ उभा राहिला.

या ईदला मामूजानांनी त्याला जवळ ओढले नाही. ते चौकटीशेजारी बसले आणि त्यांनी कापडावर हात ठेवला. एक दिवा लागला. मुन्ना बघत राहिला. मग त्याने त्यांच्या हातावर आपला हात ठेवून जोराने दाबला.

दुसरा दिवाही लागला.

मुन्ना अजूनही गळाभेट घेत नाही. पण आता आम्हांला कोणालाही त्याचे वाईट वाटत नाही.