दगडाचा ब्रेक

टेम्पो म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. माल वाहणारी कसलीही गाडी दिसली की आपण टेम्पो म्हणून मोकळे होतो. पण टेम्पो हे आधी एका गाडीचं नाव होतं. जर्मनीत हाम्बुर्गला विडाल आणि मुलगा यांचा कारखाना होता, त्यांची ही गाडी. 1958 साली फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो कंपनी काढली आणि तीनचाकी हॅन्सीट आपल्याकडं बनायला लागली. पुढं एकच चाक, त्याच चाकावर इंजिन, इंजिनावर लांबट नाकाड. त्या नाकाडामुळं लोक तिला डुक्कर म्हणायला लागले. आता ती बनत नाही. कंपनीनंही 2005 साली नाव बदललं, फोर्स मोटर्स झाली. मालकानं नाव टाकलं, आपण मात्र शब्द धरून बसलोय.

असलं एक डुक्कर विरार पूर्वेला आमच्या चाळीच्या मागं बारा वर्षं उभं होतं. चारी बाजूंनी गवत, सीटखाली कुत्रीची पिल्लं. ते आमच्या बापाचा पगार आहे. खोटं नाही सांगत. शिरसाडच्या पलीकडं वीटभट्टी होती, बाप तिथं ड्रायव्हर. दोन हंगामांचे अडतीस हजार बाकी राहिले. भट्टी बंद झाली, जमीन बिल्डरकडं गेली. हिशोबाच्या दिवशी शेठ म्हणाला, रोकड नाही, टेम्पो घेऊन जा. आरसी बुक मागितलं तर म्हणाला, नंतर ये. ते नंतर अजून आलेलं नाही. बापानं तो टेम्पो दोरीनं ओढत आणला, कारण त्याचे ब्रेक तेव्हाही नव्हते.

ब्रेक नव्हते ही गोष्ट नीट सांगितली पाहिजे. बाप त्याच भट्टीवर जन्मला. आजा 1972 च्या दुष्काळात जालन्याकडून इकडं आला, उचल घेतली आणि उचलीतच मेला. भट्टीवर मजुरी जोडप्याच्या नावावर लागते, पोरं त्यातच धरलेली. बाप बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याला टेम्पोवर दिला. काम काय? मागच्या फळीवर दगड घेऊन बसायचं. भट्टीपासून खाली उतार, मातीचा, चाकोऱ्या पडलेला. टेम्पो विटा भरून उतरायला लागला की पोरानं उडी टाकायची, पळत पळत दगड मागच्या चाकाखाली सारायचा. गाडी थांबली की दगड काढायचा, पुन्हा फळीवर. टेम्पोच्या ब्रेकला किट टाकायचं तर पैसे लागतात. पोरगं उचलीतच मिळत होतं.

1985 च्या उन्हाळ्यात अवकाळी पाऊस पडला. उतारावर चिखल. दगड सटकला, हात तिथंच राहिला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मलमपट्टीचे पैसे आज्याच्या उचलीत वाढवले. दुसऱ्या आठवड्यात फळीवर कातकऱ्याचं एक पोरगं बसलं. बाप पुढं त्याच टेम्पोचा ड्रायव्हर झाला आणि त्याच्यामागंही दगडवाला पोऱ्या होता. याबद्दल बाप बोलत नाही. मीही विचारत नाही.

मी बोईसरला मिलमध्ये लूमवर आहे. रात्रपाळी असली की डहाणूची लोकल पकडतो. 2013 मध्ये ही लोकल सुरू झाली म्हणून आमच्यासारख्यांना विरारला राहून तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जाता येतं. विणकाम खात्यात आपला माणूस उभा राहणं ही तशी जुनी गोष्ट नाही. मुंबईच्या मिलांत तुटलेल्या धाग्याला तोंड लागतं, थुंकी लागते, म्हणून आपल्याला विणकाम खात्यात घेत नव्हते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आमच्या मिलमध्ये आता कुणी तोंड लावत नाही, मशीनच ते काम करतं. पण मी लूमपुढं उभा राहिलो की हे आठवतं.

तर लूमलाही ब्रेक असतो. आडवा धागा तुटला की आत एक काटा असतो त्याला ते कळतं, लगेच ब्रेक लागतो, लूम जागच्या जागी उभा. का? कापडात भेग पडू नये म्हणून. एका धाग्यासाठी सबंध मशीन थांबवायची अक्कल माणसाला फार वर्षांपूर्वी आली. भट्टीवर ती आली नाही. ती पोचलीच नाही असं मला वाटत नाही. तिथं तिचा खर्च करायचा नव्हता.

यंदा चाळमालकानं सांगितलं, ते भंगार हलवा. भंगारवाला आला. चाकं फिरत नाहीत, कापून न्यावं लागेल, म्हणून अर्धा भाव बोलला. धाकटा भाऊ म्हणाला देऊन टाकू. बाप बसल्या जागेवरून म्हणाला, "माझा पगार किलोवर नाही विकायचा. चालतं करा, मग बघू." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मशीनवर काम करतो ना हा.

इंजिन नंतर. आधी चाकं.

मागची दोन्ही चाकं जाम. ब्रेक शूचं लायनर गंजानं ड्रमला असं चिकटलं होतं की दोघं एकाच आईच्या पोटचे वाटावेत. विरारची हवा खारी, अर्नाळ्याचा समुद्र फार लांब नाही, वर चार महिने पाऊस. ड्रम बिडाचा असतो. कडेवर हातोडी हाणली की चिरतो. म्हणून आधी ॲडजस्टर मागं घेतला. तोही जाम होता, तीन रात्री डिझेल पाजलं तेव्हा हलला. मग लाकडाचा ठोकळा ठेवून ड्रमच्या तोंडावर गोल गोल ठोकत राहायचं. जोर लावायचा नाही, ठोकत राहायचं. ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही सारखे पिळले की ड्रम आपसूक बाहेर सरकतो. उजवा दुसऱ्या रविवारी निघाला. डाव्यानं आपलं लायनर शूवरून उपटून पोटात ठेवून घेतलं.

आतली धूळ हवा मारून किंवा तोंडानं फुंकून उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत गेलं की निघत नाही. पाणी मारून, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं फेकून द्यायचं. गॅरेजातली पोरं बिनधास्त फुंकतात. मिलमध्येही कापसाची धूळ खाऊन बिसिनोसिस होतो, छाती आवळून येते, माणूस खोकत खोकत रिटायर होतो. एवढं तरी ध्यानात ठेवा.

खरं दुखणं व्हील सिलेंडरमध्ये. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. ते हवेतलं पाणी पितं. वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात पाणी साठतं, आणि सिलेंडर आतून गंजतो. पिस्टन तिथंच धरून बसतो. बाहेरून बघितलं तर सगळं ठीक. आमचे पिस्टन डिझेलनं हलेनात, ठोकून हलेनात. हवेचा प्रेशर दिला तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, दात पाडील. मग ऑइलची नळी लागते त्या भोकात ग्रीसचं निपल बसवलं आणि ग्रीस गन मारत राहिलो. ग्रीस दाबत नेतं, उडवत नाही. बराच वेळ काही नाही. मग टक् असा आवाज, आणि पिस्टन केसाएवढा पुढं आला. मी कविता लिहितो म्हणून दोस्त विचारतात, यात कविता कुठं? कुठं नाही. पिस्टन बाहेर आला, बस.

उजवा सिलेंडर बारीक पॉलिश पेपरनं साफ झाला. डाव्याला आतून देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. खड्ड्यावरून रबर नीट बसत नाही, तेल गळणारच. नवा मिळाला नाही. वालीवला एक लेथवाला आहे, त्यानं सिलेंडर बोअर करून आत पितळी स्लीव्ह बसवली, दोन्ही ड्रमवरूनही एक हलका हात फिरवून दिला. रबरं मापानं घेतली. व्हर्नियरनं बोअर मोजला, त्या मापाची दुसऱ्या गाडीची मिळाली. रबरं आणि सिलेंडर धुवायला डिझेल, रॉकेल, पेट्रोल काही चालत नाही. रबर फुगतं आणि महिन्यात पुन्हा जाम. आधीचं ग्रीस स्पिरिटनं पुसून काढलं, मग ताज्या ब्रेक ऑइलनं धुतलं. शूला नवं लायनर रिव्हेट मारून घेतलं. रिव्हेटची डोकी लायनरच्या खाली बुडालेली पाहिजेत, नाहीतर ड्रमला चरे पडतात. मास्टर सिलेंडरला किट टाकलं. नळ्या नव्या. सगळं मिळून साडेचार हजारांच्या वर गेलं. भट्टीवर एवढा खर्च परवडत नव्हता म्हणे.

शेवटी एअर काढायची. नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागतं, कारण हवा दबते, तेल दबत नाही. हे काम एकट्याचं नाही. एकानं सीटवर बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं खाली झोपून निपल खोलायचं. बापाच्या डाव्या हातात पाना नीट बसत नाही, म्हणून तो सीटवर. मास्टर सिलेंडरपासून जे चाक सगळ्यात लांब, तिथून सुरुवात केली. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत.

"बा, मार. मार. आता दाबून धर."

"धरलं."

मी निपल खोललं. काळं, चहाच्या चोथ्यासारखं पाणी आलं, मग बुडबुडे. पेडल खाली गेलं.

"सोडू नको!" मी निपल बंद केलं. "आता सोड."

निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा परत आत जाते. बापानं एकदाही आधी पाय उचलला नाही. चाळीस-पन्नास वेळा मार, धर, सोड. मी टेम्पोखाली, बाप वर, त्याचा नुसता पाय मला दिसत होता. आमचं दोघांचं एवढं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. तेल स्वच्छ आलं, बुडबुडे संपले. बाप म्हणाला, "कडक झालं रे."

चाळीमागं थोडा उतार आहे, जीवदानीचा डोंगर समोर दिसतो. कागद नाहीत म्हणून रस्त्यावर काढता येत नाही, तेवढ्या उतारावरच बघायचं ठरलं. इंजिन बंद. आम्ही दोघा भावांनी मागून ढकललं. टेम्पो सुटला. बाप आरशात बघत होता, मागच्या फळीकडं. फळीवर कोणी नव्हतं. मग त्यानं पाय दाबला आणि डुक्कर जागच्या जागी थांबलं, मागची दोन्ही चाकं सारखी धरून, डावीकडं उजवीकडं न ओढता.

बाप उतरला नाही. तीनदा वर ढकलायला लावलं, तीनदा उतरवून थांबवलं. चौथ्यांदा भाऊ दमला, खाली बसला. बापानं खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "हँडब्रेकची केबल कधी घालतोस? आणि त्या शेठकडं जायचंय कागदासाठी. या रविवारी सुट्टी आहे का तुला?"