हवेचा जमाखर्च

पोकळी कशालाही ओढून घेत नाही. तिच्यात शिरू पाहणारी बाहेरची हवाच सारे काम करते, आणि हे तत्त्व इगतपुरीत वाढलेल्या माझ्या पिढीला पाठ्यपुस्तकाच्या आधी रेल्वेने शिकवले. १८६५ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या थळ घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र असल्यामुळे, घाट उतरू लागणाऱ्या गाडीचे ब्रेक ही या गावातील सर्वांत गंभीर बाब होती. आणि त्या काळच्या व्हॅक्यूम ब्रेकची रचना अशी, की एंजिनाने गाडीभर गेलेल्या नळातील हवा उपसून पाऱ्याच्या सुमारे ५३ सेंटिमीटरांइतकी पोकळी राखावी, ती असेतोवर चाके मोकळी फिरावीत, आणि कोठे होजपाइप निसटलाच तर बाहेरच्या हवेने आत घुसून, कोणाच्याही हुकमाची वाट न पाहता, ब्रेक आवळावेत. आमच्या घरी रेल्वेची नोकरी असल्याने ‘व्हॅक्यूम धरत नाही’ हे वाक्य जेवणाच्या पानावरही कानी पडे, आणि पुढे हातात धरून चालवायच्या बिनतारेच्या व्हॅक्यूम क्लीनरची रचना करण्याचा व्यवसाय पत्करल्यावर तेच वाक्य माझ्याही तोंडी कायमचे बसले.

या यंत्राचा उगमदेखील रेल्वेच्या डब्यापाशीच आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये डबे साफ करण्याच्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते दाबलेल्या हवेने धूळ उडवून देई आणि ती धूळ पुन्हा तेथेच बसे. ती उलट शोषून घ्यावी, असा विचार बूथच्या मनात आला. त्याने खुर्चीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून खातरजमा करून घेतली आणि १९०१ साली आपले यंत्र सिद्ध केले. परंतु शोषणे हे फुंकण्याचे केवळ उलटे रूप नव्हे. फुंकलेला झोत नळीच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही आपल्या वेगाचा दशांश राखून असतो. शोषणारे मुख मात्र चहूबाजूंची हवा घेत असल्याने अवघ्या एका व्यासाच्या अंतरावरच त्याचा प्रभाव दशांशावर येतो. म्हणूनच मुखाची कड आणि जमीन यांमधील फटीचा मी मोटारीच्या आधी विचार करतो.

बूथचे यंत्र घोडागाडीवर बसवून दारापर्यंत आणावे लागे. १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत दाखवलेल्या यंत्राला भिंतीतील वीज यथेच्छ मिळत होती. बिनतारेच्या यंत्राला ती मुभा नाही. अंगठ्याहून थोडे जाड असे सहा लिथियम-आयन सेल एकामागे एक जोडले, की सुमारे २१ व्होल्ट आणि ५४ वॉट-तास एवढीच पुंजी हाती येते. हजार वॉटच्या मोटारीने ती तीन मिनिटांत संपेल, शंभर वॉटच्या मोटारीला अर्धा तास पुरेल. मग हिशेब सुरू होतो. मुख पूर्ण बंद केले तर शोषण सर्वाधिक, पण हवा वाहत नाही. पूर्ण उघडे ठेवले तर हवा मुबलक, पण शोषण नाहीसे होते. दोन्ही टोकांना उपयुक्त कार्य शून्य, आणि खरा लाभ मधल्या एका अरुंद टापूत. तो टापू नेमका रोजच्या वापरात यावा एवढ्यासाठीच नळीचे प्रत्येक वळण आणि प्रत्येक रबरी कडे पुन्हा पुन्हा तपासावे लागते, कारण सांध्यातून नकळत आत आलेली हवा धूळ न उचलताच बॅटरी खर्च करते.

मोटारीने फिरणारे पंख्याचे चक्र लहान ठेवायचे तर त्याची गती वाढवावी लागते. गती दुप्पट झाली की दाब चौपट होतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. चाळीस मिलिमीटरचे चक्र मिनिटाला लाख फेरे घेऊ लागले, की त्याची कड सेकंदाला दोनशे मीटरांहून अधिक वेगाने धावते, आणि तेथे केसाएवढा असमतोलही बेअरिंगांचे आयुष्य संपवतो. शिवाय इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने येथील हवा मुंबईहून सहासात टक्के विरळ. तेच यंत्र येथे तितके कमी शोषते, आणि हा फरक ध्यानात न घेता दोन गावांतील मोजमापांची तुलना करणे मला अप्रामाणिक वाटते.

यंत्रात शिरलेली धूळ शंकूत वेगाने फिरवली, की जड कण भिंतीवर आदळून खाली पडतात. शंकू जितका अरुंद तितका हा परिणाम अधिक, म्हणून एका मोठ्या शंकूऐवजी अनेक लहान शंकूंची तजवीज करतात. उरलेले सूक्ष्म कण घड्यांचा फिल्टर अडवतो, आणि येथील पावसाळ्याशी खरा सामना त्या घड्यांतच होतो. आषाढात घाटातून चढणारे धुके घरात येऊन बसते, ओलसर धूळ घड्यांना चिकटते, वाट कोंडते. अशा वेळी यंत्राचा सूर चढतो. ऐकणाऱ्याला मोटार जोर करते आहे असे वाटते, परंतु ढकलायला हवाच कमी उरल्यामुळे चक्राचा भार उतरलेला असतो आणि म्हणून ते अधिक वेगाने फिरते. तीच हवा मोटारीला थंडही करते, तेव्हा चढलेला सूर ऐकू येताच यंत्र थांबवावे हे उत्तम, आणि ऐकणारा कोणी नसेल तर नियंत्रकाने वीज तोडावी असा बंदोबस्त आम्ही करतो.

फिल्टर धुऊन दिवसभर वाळवावा, असे माहितीपत्रक सांगते. येथे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, आणि ओला फिल्टर बसवला तर पाणी बेअरिंगांपर्यंत जाते. म्हणून प्रत्येक यंत्रासोबत दोन फिल्टर द्यावेत, एक वापरात आणि एक वाळत, अशी दरख्वास्त मी करून ठेवली आहे. खर्च वाढेल हे मान्य. पण तो सोसावा आणि हवे तर त्याबदल्यात एक सेल कमी घालावा, असे माझे ठाम मत आहे.