रेकॉर्ड करून ठेवलेला ‘सिंहासन’

पेपर तपासणीच्या दिवसांत टीव्हीवरचं जे राहून जातं, ते आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. परवा इशानंतर ‘सिंहासन’ लावला. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, जब्बार पटेलांचा १९७९चा चित्रपट. कृष्णधवल म्हणून मुलांनी नाकं मुरडली. पण सरकार पाडायचा कट शिजतोय असा मुख्यमंत्र्यांना फोन आला आणि अंधेरीच्या आमच्या घरात दस्तरखानवरची भांडी तशीच राहिली.

“अम्मी, यात मतदाराला कुणी विचारतच नाही,” थोरली म्हणाली. यंदाच अठराची झालीय. आम्ही लगेच नागरिकशास्त्राच्या तासावर! पक्षांतरबंदी कायदा १९८५चा, म्हणजे या चित्रपटानंतरचा. त्यात एकतृतीयांश आमदारांनी फुटायची पळवाट होती, तीही २००३च्या घटनादुरुस्तीने बुजवली.

“मग २०२२ला आमदार सुरत, गुवाहाटीला गेले, ते?”

तिच्या अब्बांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही पडद्याकडे. निळू फुलेंचा पत्रकार दिगू तिथे वेड्यासारखा हसत होता. घरात कुणी हसलं नाही.

“मग नाव नोंदवून काय करू?”

त्या रात्री आम्ही वाद घातला नाही. मतदार नोंदणीचा नमुना ६ आणून टेबलावर ठेवलाय. नाव, पत्ता तिने भरलाय. सही बाकी आहे.