तात्पर्य न विचारता

ग्रंथोपचारात मुलाला त्याच्या अडचणीशी मिळतीजुळती गोष्ट वाचून दाखवतात आणि मग तिच्याविषयी गप्पा होतात. ही संज्ञा अमेरिकी निबंधकार सॅम्युअल क्रोदर्स यांनी १९१६ मध्ये वापरली. पुढे कॅरोलिन श्रोड्झ यांनी या उपचाराच्या पायऱ्या मांडल्या: पात्राशी एकरूप होणे, कोंडलेली भावना मोकळी होणे, स्वतःविषयी उमज येणे. मुलाला स्वतःची भीती सांगवत नाही, पात्राची सांगता येते. सगळी मदार यावरच.

अशा उपचाराला पुस्तके लागतात आणि जाणकारही. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्थाही तिथेच, नौपाड्यात आहे. पुस्तक आणि तज्ज्ञ दोन्ही इतक्या जवळ असण्याचे भाग्य थोड्याच गावांना मिळते.

प्रस्तुत लेखिकेने नौपाड्यातील एका सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचा वाचनगट चालवला, तो या पद्धतीचा घरगुती अवतार होता. गटातील काही मुलांनी भीतीपोटी पोहण्याचा क्लास सोडला होता, म्हणून 'श्यामची आई'तील श्यामच्या पोहण्याचे प्रकरण निवडले गेले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. या प्रकरणात श्याम भिऊन लपतो, आई त्याला मारून पोहायला धाडते आणि नंतर आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून हे केल्याचे समजावते.

वाचन संपल्यावर तात्पर्य विचारले गेले नाही. विचारले असते तर मुलांनी शाळेत पाठ केलेले उत्तर दिले असते. श्याम लपला तेव्हा त्याच्या पोटात काय झाले असेल, एवढेच विचारले. एका मुलीने ठणकावले, "आई चुकली. मारायचं कशाला?" वाद रंगला. त्या गलक्यात सर्वांत गप्प मुलगा म्हणाला, "मी पण लपतो, बाथरूममध्ये." त्याला कुणी हसले नाही, उलट दोघांनी आपापल्या लपायच्या जागा सांगितल्या. तो लगेच तरणतलावात उतरला नाही, पण भीतीविषयी घरी बोलू लागला. मुलांनी आईला चूक ठरवल्याने पुस्तकाचे काही बिघडले नाही. उपचार त्या भांडणातच होता.

लहान वयासाठी माधुरी पुरंदरे यांच्या, यश नावाच्या मुलाच्या गोष्टी अधिक सोयीच्या. शाळा, मोडलेला हात असे रोजचे प्रसंग त्यांत आहेत आणि उपदेश नाही. ताज्या दुःखात मात्र हुबेहूब तशीच गोष्ट टाळावी.

झोप, भूक किंवा शाळा कित्येक आठवडे बिघडलेलीच राहिली, तर पुस्तकावर विसंबू नये; मुलाला समुपदेशकाकडे न्यावे.